पहिल्या नंबरचा ऊस

पोतनीस साहेब सर्व्हरच्या खोलीत घाईघाईनं शिरले आणि त्यांनी विचारलं, "याचं बटन कुठंय?"

"कशाचं?" मी विचारलं.

"याचं, याचं! ह्या कपाटाचं!"

कपाट म्हणजे श्री वेताळेश्वर सहकारी साखर कारखान्याचा नवा सर्व्हर, आणि पोतनीस साहेब म्हणजे कारखान्याचे एम.डी. माणूस सज्जन. उभ्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या हातानं पंख्याचं बटनसुद्धा दाबलेलं नव्हतं. तेवढ्यासाठी शिपाई होता. तेच बटन शोधत आले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बंद करून काय होणार, साहेब?"

"नकाशा जाईल."

"नकाशा कुठं जात नाही. दिसायचा थांबेल फक्त. आणि दुपारपासून तो सगळ्या गावांनी बघितलाय. हिंगणवाडीच्या गट ऑफिसनं तर यादीसकट प्रिंट काढून दाराला चिकटवलाय म्हणे."

"कुणी सांगितलं चिकटवायला?"

"चेअरमननी, तात्यांनी. मागच्याच आठवड्यात परिपत्रक निघालंय. खाली तुमची सही आहे."

साहेब सोफ्यावर बसले. सर्व्हरच्या खोलीत सोफा कसा, तर अख्ख्या कारखान्यात चोवीस तास एसी चालू राहील अशी ती एकच खोली होती. हे कळल्याबरोबर संचालक मंडळानं तिथं सोफा आणून टाकला. जेवण झालं की एकेक संचालक "जरा सिस्टिम बघतो" म्हणून यायचे आणि सिस्टिमसमोर घोरायचे. मला त्या खोलीत काम करताना नेहमी वाटायचं, आपण एखाद्या इस्पितळात रात्रपाळीला आहोत.

मी तेव्हा पंचविशीची होते. पुण्याच्या एका कंपनीनं मला तिथं नकाशाची प्रणाली बसवायला पाठवलं होतं. काम समजायला सोपं होतं. आधी काय असायचं, शेती खात्याचा नकाशा वेगळा, वाहतूक खात्याचा वेगळा, प्रत्येक गट ऑफिसचा तिसराच. आणि खरा नकाशा उबाळे नावाच्या शेती अधिकाऱ्याच्या डोक्यात. आता नकाशा एकच, या कपाटाच्या पोटात. कुठल्याही ऑफिसातून, फोनवरून उघडा, तोच दिसणार. हिंगणवाडीत कुणी रेघ ओढली की ती इथं दिसणार, इथं पुसली की तिथं पुसली जाणार. प्रत्येक सभासदाचं उसाचं शेत त्यात होतं, लागवडीच्या तारखेसकट. कुणाचा ऊस आधी तोडायचा ते आता नियमानुसार ठरणार होतं. म्हणजे चेअरमनच्या फोनवरून नाही.

हे सगळं चेअरमननंच आणलं होतं. सर्जेराव तात्या काळोखे. उंच, देखणा, आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. विरोधक गावोगाव सांगत फिरत होते की, तोडणीत वशिला चालतो. तात्यांनी एका वार्षिक सभेत टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "यंदापासून मशीन ठरवणार! काळोख्याचा असू दे नाहीतर कोळ्याचा, नंबर लागेल तसाच तोडणार! आणि नंबरात जो पहिला, त्याच्याच उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडणार!"

हंगामाच्या सुरुवातीला उसाची पहिली मोळी पूजा करून यंत्राच्या तोंडी टाकायचा मान म्हणजे आमच्या भागात लग्नातल्या नवरदेवापेक्षा मोठा. टाळ्या पडल्या. तात्या हसत होते, कारण उबाळ्यांनी त्यांना आधीच सांगितलं होतं की लागवडीच्या तारखा बघता पहिला नंबर त्यांच्याच उसाचा लागतोय. बोटसुद्धा न उचलता मान घरातच.

फक्त नियमात एक ओळ जादा होती. मागल्या हंगामात तोडायचा राहून गेलेला ऊस असेल, तर तो सगळ्यांत आधी. ही ओळ विरोधकांचं तोंड बंद करायला तात्यांनीच घातली होती. उबाळे म्हणाले होते, "तात्या, कशाला उगाच?" तर तात्या म्हणाले, "अरे, राहिलाय कुठं ऊस? सगळा गाळला म्हणून आपणच पेपरात छापलंय ना? नसलेल्या उसाला मान द्यायला काय जातंय!"

आता राहिलेला ऊस होता. अख्ख्या कार्यक्षेत्रात एकाच शेतात होता. आणि ते शेत तात्यांच्या मळ्याच्या बरोब्बर मध्ये होतं.

त्या शेताची मोजणी मीच केली होती. बाकीची शेतं चिटबॉयनी केली. चिटबॉय म्हणजे गावोगाव उसाची नोंद ठेवणारी कारखान्याची माणसं. नाव बॉय, वय पन्नास. फोन हातात धरून शेताच्या बांधावरून चक्कर मारायची, की शेताची हद्द नकाशात उमटते. पण काळोखे मळ्यातल्या त्या एका तुकड्याला कुणी जायला तयार होईना. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा फोन पाण्यात पडलेला. शेवटी मी एकटी गेले.

बांधावर साठीची एक बाई उभी होती. नेसूचा पदर खोचलेला, पायात गमबूट, बाजूला स्कूटी.

"कारखान्याची का?"

"हो. मोजायला आलेय."

"सर्ज्याला इचारून आलीस?"

"सर्ज्या कोण?"

ती इतकी हसली की खाली बसली. चेअरमनना सर्ज्या म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. ही इंदूआक्का, तात्यांची थोरली बहीण. आबा, म्हणजे वडील, गेल्यावर हक्कसोडीच्या कागदावर तिनं सही केली नाही. तात्यांनी समजावलं, रडून दाखवलं, भावकी बसवली. मग ती कोर्टात गेली आणि आपला वाटा घेऊन आली. तेव्हापासून बहीणभावात बोलणं नव्हतं. नवऱ्याची शाळेतली नोकरी संपल्यावर ती नवऱ्याला घेऊन माहेरच्या गावात राहायला आली. घोलप गुरुजी दिवसभर पेपर वाचायचे आणि ती शेत करायची.

"आक्का, हा ऊस असा का?" मी विचारलं. मला उसातलं फार कळत नव्हतं, पण हा ऊस काही बरा दिसत नव्हता. आडवा पडलेला, पुन्हा उठलेला, गुंता झालेला, वर वाळके तुरे.

"म्हातारा झालाय. गेल्या साली तोडायला टोळी आली हुती. तर रस्त्यात चर."

तिनं मला दाखवला. तिच्या शेतात यायची गाडीवाट तात्यांच्या रानातून होती, आणि त्या वाटेवर आडवा चर खणलेला होता. माणूस उतरून चढू शकेल, स्कूटी फळीवरून नेता येईल, पण ट्रॅक्टरची ट्रॉली काही जाणार नाही.

"तक्रार नाही केलीत?"

"केली की. कारखान्यात. चेअरमनकडं." ती पुन्हा हसली. "त्यानं लिहून घेतली."

मी चक्कर मारली, हद्द काढली, लागवडीची तारीख टाकली. उपग्रहाचे जुने फोटो सिस्टिममध्ये होतेच. त्यांच्याशी ताडून बघितलं, आक्का म्हणत होती ते खरं होतं. दोन पावसाळे तो तुकडा तसाच हिरवा दिसत होता. मी नोंद पक्की केली आणि विसरून गेले. सभासदांची हजारो शेतं होती. एका शेताचा विचार कोण करतं?

यादी निघाली तेव्हा पहिल्या ओळीत नाव होतं: इंदुमती महिपती घोलप.

"साहेब, पाणी आणू?" मी सोफ्यावरच्या पोतनीस साहेबांना विचारलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उभे राहून ऐकू लागले. फोनवर तात्या असले की ते उभे राहूनच बोलायचे. फोन ठेवून म्हणाले, "चला. तुम्हाला पण बोलावलंय."

चेअरमनच्या केबिनमध्ये तात्या एकटेच बसले होते. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली.

"पोरी, तुझ्या मशीनला नातीगोती कळतात का?"

"नाही, तात्या."

"मग एवढ्या बारा हजार सभासदांतनं तिनं नेमकी माझीच बहीण कशी शोधली?"

"नियमानुसार..."

"नियम माझाच आहे, ठाऊक आहे मला. त्यात काय करता येईल सांग."

मी सांगितलं की मंडळाची बैठक घेऊन नियम बदलता येईल, मग यादी पुन्हा काढता येईल. पण नवीन यादीही तशीच सगळीकडे दिसणार. आणि लोक विचारणार, दुपारी एक नाव होतं, संध्याकाळी दुसरं कसं?

पोतनीस साहेब खाकरले. "किंवा असं म्हणता येईल का, की तिथं ऊस नाहीच. नजरचूक."

"उपग्रहाच्या फोटोत दिसतोय, साहेब."

"उपग्रह कुणाच्या ताब्यात असतो?" तात्यांनी विचारलं. "म्हणजे वर कुणाशी बोलावं लागेल?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "हे बघ, लागवडीची तारीख एक साल पुढं सरकव. बस. एक आकडा आहे. उद्या मोळीपूजन आहे, पालकमंत्री येणार आहेत, हजारो माणसं असतील. तिच्या हातनं मोळी पडली, की माझं काय होईल कळतंय ना तुला? अन् तुझ्या कंपनीचं?"

कंपनीचं नाव निघालं आणि कंपनीचाच फोन आला. तात्यांनी आधीच पुण्याला बोलून घेतलं होतं. माझे साहेब घाईत होते. म्हणाले, "कल्याणी, क्लायंट म्हणतील ते करून टाक. एवढं ताणू नको. तुझं प्रमोशन आहे मार्चमध्ये."

मी फोन ठेवला. खोटं सांगत नाही, तेव्हा मला न्याय वगैरे काही आठवलं नाही. मला आठवलं ते एवढंच, की गमबूट घातलेली ती बाई मला तारीख सांगताना बोटांवर महिने मोजत होती, चूक नको म्हणून.

मी लॅपटॉप उघडला, तिच्या शेताची नोंद काढली आणि पोतनीस साहेबांसमोर ठेवला. "मी बदलणार नाही. तुम्हाला अधिकार आहेत. ही तारीख, हे सेव्हचं बटन. तुम्ही बदला."

साहेबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. लहानपणी मार चुकवताना घेतात तसे.

"तात्या, मला त्यातलं येत नाही," ते म्हणाले.

तात्या उठले. टेबलाला वळसा घालून आले, खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. एक जाड बोट बाहेर काढलं. ते बोट तसंच हवेत राहिलं, कारण बाहेर पोर्चमध्ये स्कूटीचा हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. मग दार उघडून इंदूआक्का आत आली. मागून शिपाई, हात जोडून, "थांबा म्हटलं तरी..."

"सर्ज्या," ती म्हणाली, "पयला नंबर आला माझा. पेढा दे."

किती तरी वर्षांनी ती दोघं एका छपराखाली होती. तात्यांनी बोट मागं घेतलं.

"बस, आक्का."

"बसाया आले न्हाई. उद्याचं काय ठरलं ते इचाराया आले."

तात्या राजकारणी होते. त्यांच्या चेहऱ्यावर बघता बघता मोठा, दिलदार भाऊ उगवला. "अगं, ठरायचं काय? मान तुझा. सकाळी चार माणसं पाठवतो. एक मोळी डोक्यावर घेऊन येतील. तू नवी साडी नेसून ये. माझ्याकडनं."

"एक मोळी? अन् बाकीचा ऊस?"

"तो बघू की नंतर."

"तो बी डोक्यावर आणतोस का? का त्या उपग्रहावरनं उचलणार हायेस?" तिनं पदर खोचला. "ट्रॉली येईल तर ऊस येईल. न्हाईतर मी येते उद्या मोकळ्या हातानं. स्टेज असतोय, माईक असतोय, मंत्री बी हाय. ऊस का न्हाई आला ते मी सांगते सगळ्यास्नी."



"बरं. चर बुजवतो," तात्या म्हणाले.

"बुजवशील, अन् मंत्री गेला की परत खणशील. तुला कडेवर घिऊन फिरवलाय मी. तुझा कुठला शब्द किती दिस टिकतो मला ठावं हाय." मग ती माझ्याकडे वळली. "पोरी, त्या तुझ्या नकाशात रस्ता काढता येतो का?"

"येतो."

"तो सगळ्यास्नी दिसतो?"

"सगळ्यांना. टोळीला, ट्रॅक्टरवाल्यांना, सगळ्या गट ऑफिसांना. आणि कधी पुसला तर कुणी पुसला तेही दिसतं."

"मग काढ."

मी तात्यांकडे बघितलं. मळा त्यांचा होता; त्यांच्या होकाराशिवाय मी रेघ ओढणार नव्हते. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि उपग्रहाचा फोटो मोठा केला. हिरव्या मळ्यातून एक फिकट पट्टी बांधाला लागून जात होती, मध्ये चराच्या जागी काळपट ठिपका.

"ही काय?" तात्यांनी वाकून विचारलं.

"आबांच्या बैलगाडीची वाट," आक्का म्हणाली. "तुझ्या जेसीबीनं बी पुसली न्हाई बघ."

तात्या किती तरी वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. ते काय बघत होते मला माहीत नाही. उद्याचे हजारो लोक आणि माईक बघत असतील, तसंही असेल. मग त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर आपटले.

"काढ," ते म्हणाले.

मी पट्टीवरून रेघ ओढली, 'वहिवाटीचा रस्ता' असं नाव दिलं आणि सेव्ह केलं.

टेबलावरचा फोन लगेचच खणखणला. पोतनीस साहेबांनी उचलला आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "हिंगणवाडीचं गट ऑफिस. विचारतायत, तात्यांच्या मळ्यात रस्ता दिसतोय, मशीनची चूक आहे का?"

तात्यांनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "चूक न्हाई," ते म्हणाले. "दिसतंय ते बरोबर हाय. आणि उबाळ्याला म्हणावं जेसीबी पाठव. अंधार पडायच्या आत."

दुसऱ्या दिवशी इंदूआक्काच्या शेतातून भरलेली ट्रॉली आली, फुगे लावलेली. स्टेजवर तात्यांनी जे भाषण केलं त्याला तोड नाही. म्हणाले, "दिवाळी तोंडावर आहे. लोक बहिणीला भाऊबीजेला साडी देतात. मी ठरवलं, आपण बहिणीला पहिल्या मोळीचा मान द्यायचा! मशीन कोण ठरवणारं? भावाचं काळीज ठरवतं!" त्यांनी डोळे पुसले. बायका रडल्या. मंत्र्यांनी पाठ थोपटली. गावोगावी दाराला यादी चिकटवलेली असूनही अर्ध्या लोकांना ते खरं वाटलं. मी मांडवाच्या कडेला उभी होते. मलासुद्धा क्षणभर वाटलं.

आक्कानं मोळीला हळदकुंकू लावलं, गव्हाणीत टाकली. यंत्र गरजलं, टाळ्या झाल्या. मग निवेदक म्हणाला, "ताईंनी दोन शब्द बोलावेत." तात्यांचा हात माईककडे गेला, पण आक्का जवळ होती.

"भावानं रस्ता दिला," ती म्हणाली. "लई आनंद झाला. आता सगळ्यांच्या समोर एकच सांगते. हक्कसोडीवर सही मी आज बी करणार न्हाई."

मग मागच्या बाजूनं, बायकांच्या रांगांतून, हसू सुरू झालं आणि पुढं पुढं येत स्टेजपर्यंत पोचलं. शेवटी तात्यासुद्धा हसले. न हसून करणार काय? पहिल्या रांगेत घोलप गुरुजींनी पेपरची घडी केली आणि एकट्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

रस्ता राहिला. तात्या पुढची निवडणूक जिंकले. त्या भाषणावर जिंकले असं म्हणतात. माझं प्रमोशन त्या मार्चला झालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग मी कंपनी बदलली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवाळीला मी बार्शीला घरी गेले. वडील जाऊन वर्ष झालं होतं. भाऊबीजेला दादाला ओवाळलं, त्यानं ताटात पाकीट ठेवलं, आणि पाकिटाखाली एक कागद.

"नुसती सही हवीय गं," तो म्हणाला. "सगळ्याच बहिणी करतात. पद्धत असते."

वहिनीनं पेन आणून दिलं. मी कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. दादा वाईट माणूस नव्हता, अजूनही नाही. त्याला माझ्याकडून दुसरं काही ऐकायची सवयच नव्हती, आणि मलाही बोलायची.

"दादा," मी म्हटलं, "माझ्या वाट्याच्या रानात जायला रस्ता कुठून आहे?"

वहिनी ओट्याशी थांबली. आई देवापाशी वाती वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही, हात थांबवला नाही.

"विहिरीकडनं," आई म्हणाली.